‘तेका सगळा कळता’: लहान मुलांची समज तपासताना

दोन-अडीच वर्षांचे मूल बोलत नाही म्हणून घरची माणसे त्याला माझ्याकडे घेऊन येतात, तेव्हा आईने तोंड उघडण्याआधी बहुधा आजीच सांगते, “तेका सगळा कळता, फकत बोलणा नाय.” मालवण, देवगड, वेंगुर्ले या पट्ट्यात वाचा व भाषा उपचारतज्ज्ञ म्हणून काम करताना हे वाक्य मी इतक्या घरांतून ऐकले आहे की मुलाची तपासणी मी आता तेथूनच सुरू करते. आजी म्हणते ते खरे असेल, तर मूल पुढे बरोबरीला येण्याची आशा पुष्कळ असते. ते खरे नसेल, तर अडचण बोलण्याच्या बरीच आधीच्या पायरीवर आहे आणि घरात ती कोणाच्याच लक्षात आलेली नाही, असा त्याचा अर्थ होतो.

लक्षात न येण्यात घरच्यांचा दोष नसतो. आजी पिशवी उचलते, दाराकडे पाहते, पायात वहाणा सरकवते आणि मग म्हणते, “चल, चपला घाल.” मूल धावत जाऊन चपला आणते. येथे त्याला शब्द कळले की पिशवी, दार आणि रोजची सवय कळली, हे बाहेरून ओळखता येत नाही. घरातील बहुतेक सूचना अशाच असतात. त्या ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी आणि हाताच्या खुणेसह दिल्या जातात, आणि हुशार मूल शब्दांवाचूनही त्या पाळू शकते.

म्हणून मी आजीला ओटीवर बसवते, हात मांडीवर ठेवायला सांगते, वस्तूकडे नजर टाकू नका अशी विनंती करते आणि मुलाला अनपेक्षित असे काही सांगायला लावते. समोर करवंटी, चमचा, टोप आणि चेंडू मांडलेले असतात. तीन वर्षांच्या मुलाला “चमचो टोपाखाली ठेव” असे सांगितले की पुष्कळदा ते चमचा उचलून टोपात टाकते, कारण चमच्याची जागा टोपातच असते. ‘चमचा’ आणि ‘टोप’ हे शब्द त्याला आले, पण ‘खाली’ आला नाही. तीच सूचना आजीने बोट दाखवून दिली की चमचा बरोबर टोपाखाली जातो. या दोन वेळांमधला फरक आजीला स्वतःच्या डोळ्यांनी दिसतो, आणि मग मला फारसे समजावून सांगावे लागत नाही. दोन वर्षांच्या मुलासाठी याहून सोपी सूचना पुरते: चार वस्तूंमधून “करवंटी आवशीक (आईला) दे” एवढेच सांगावे आणि नजर कोठेही वळवू नये.

करवंटीचा मला आणखी एक उपयोग होतो. दीड-दोन वर्षांचे मूल करवंटीत वाळू भरून ‘भात’ शिजवते, तो बाहुलीला भरवते, हात भाजल्याचे नाटक करते. एका वस्तूला दुसऱ्या वस्तूच्या जागी मानणे आणि एखाद्या आवाजाला वस्तूच्या जागी मानणे या क्षमता साधारण एकाच काळात उमलतात. त्यामुळे भातुकली मुळीच न खेळणारे, करवंटी नुसती आपटणारे किंवा गरगर फिरवत राहणारे मूल मी अधिक काळजीपूर्वक पाहते.

वयाचे टप्पे प्रत्येक पालकाने लक्षात ठेवावेत असे आहेत. वर्षाच्या आसपास मूल ‘बाबाबा’, ‘दादादा’ असे आवाज काढते, नावाने हाक मारली की वळते, हवे ते बोटाने दाखवते, आणि पहिला शब्द त्याच सुमारास येतो. दोन वर्षांपर्यंत पन्नासेक शब्द आणि ‘पाणी दे’, ‘बाबा गेलो’ अशा दोन शब्दांच्या जोड्या यायला हव्यात. तीन वर्षांच्या मुलाचे बहुतेक बोलणे घराबाहेरच्या माणसालाही कळायला हवे. यात थोडे पुढेमागे होणारच. मात्र वर्ष उलटल्यावरही मूल बोट दाखवत नसेल, नजरेला नजर देत नसेल, किंवा आलेले शब्द कोणत्याही वयात गळून गेले असतील, तर एक आठवडाही थांबू नये. स्वमग्नतेची (ऑटिझमची) शक्यता अशा वेळी तपासावीच लागते.

कोणतेही मूल आले तरी पहिली तपासणी कानांची. येथेही घरचा अनुभव फसवा ठरतो. एस.टी.चा हॉर्न ऐकून मूल वळते, टोप पडला की दचकते, म्हणून त्याला ऐकू येते असे घरचे खात्रीने सांगतात. पण मोठे, जाड आवाज ऐकू येऊनही ‘स’, ‘श’, ‘त’ यांसारखे बारीक आवाज निसटत असतील, तर भाषा त्या मुलापर्यंत तुकड्यातुकड्यांनी पोहोचते. पावसाळ्यात वारंवार सर्दी होणाऱ्या मुलांच्या कानाच्या पडद्यामागे पाणी साचते, त्याने ऐकणे कधी बरे तर कधी मंद होते. असे पाणी दुखत नाही, म्हणून कोणाला कळतही नाही. कानात कोमट खोबरेल घालण्याची आपल्याकडील सवय अशा कानाला काहीच फायद्याची नाही, आणि पडद्याला छिद्र असेल तर ती धोक्याची आहे. जन्मतः बहिरेपण असल्यास वेळ फार मोलाचा असतो: पहिल्या महिन्यात प्राथमिक चाळणी-तपासणी (स्क्रीनिंग), तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान आणि सहाव्या महिन्यापर्यंत उपचार, असा जगभर मान्य झालेला क्रम आहे. बाळ झोपलेले असताना काही मिनिटांत होणारी ओ.ए.ई. तपासणी (आवाजाला आतल्या कानाने दिलेला प्रतिसाद टिपणारी) आणि गरज पडल्यास बेरा (आवाज मेंदूपर्यंत पोहोचतो का हे पाहणारी), यांनी मुलाच्या उत्तरावर अवलंबून न राहता कानांची स्थिती कळते.

कान उत्तम आहेत, मूल हसरे आहे, खेळते आहे, बुद्धीही चांगली दिसते, आणि तरी भाषा येत नाही, असेही घडते. २०१७ साली इंग्रजीभाषक देशांतील तज्ज्ञांच्या गटाने, ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ डोरोथी बिशप यांच्या पुढाकाराने, या अवस्थेला ‘विकासात्मक भाषाविकार’ असे एक समान नाव देण्याचे ठरवले, कारण त्याआधी प्रत्येक जण वेगळे नाव वापरत होता आणि पालक गोंधळत होते. इंग्लंडच्या सरे परगण्यात शाळेत नुकत्याच दाखल झालेल्या मुलांची जी पाहणी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली, तिच्यात दुसरे कोणतेही ज्ञात कारण नसलेला भाषाविकार सुमारे साडेसात टक्के मुलांत आढळला. तीस मुलांच्या वर्गात ही दोन मुले होतात. असे असूनही या विकाराचे नाव आपल्या शाळांमधून क्वचितच ऐकू येते. विकारात आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो, त्यामुळे “याचो आजोपण उशिरा बोलललो” हे वाक्य दिलासा म्हणून सांगितले जात असले तरी मी ते नोंदवहीत जोखीम म्हणून लिहून घेते.

शाळेच्या वयात या मुलांचे बोलणे वरवर ठीक वाटते. नीट कान दिला की वाक्यांतले छोटे सांधे निखळलेले जाणवतात. पाच वर्षांचे मूल “आजी दुकान गेली”, “मामा गाडी आला” असे म्हणत राहते, ‘दुकानात’ आणि ‘गाडीने’ यांतील प्रत्यय गळतात, लिंगाप्रमाणे क्रियापद बदलताना घोटाळा होतो. कालची गोष्ट सांगायला लावली की कोण, कोठे, आधी काय, नंतर काय याचा मेळ लागत नाही आणि मूल “मग ते… ते…” करत सोडून देते. पुढे गणितातील शाब्दिक उदाहरणे आणि वाचलेल्याचा अर्थ लावणे येथे ते अडते, तेव्हा त्याला आळशी, मठ्ठ किंवा वर्गात लक्ष न देणारे ठरवले जाते. याचे मला मनापासून वाईट वाटते. प्रश्नच न कळलेल्या मुलाला उत्तर न दिल्याबद्दल शिक्षा होत असते. उलट ‘र’ला ‘ल’ म्हणणारे चार वर्षांचे बोबडे मूल माझ्याकडे लवकर येते, कारण त्याची अडचण सर्वांना ऐकू येते आणि या वयात ती बहुधा आपोआप सुटणारीही असते.

“थांबा, बोलेल” हा सल्ला सर्वांत जास्त वेळ खातो. दोन वर्षांचे असताना मागे पडलेल्या मुलांपैकी निम्म्याहून अधिक मुले शाळेच्या वयापर्यंत बरोबरीला येतात हे खरे आहे, त्यामुळे सल्ला देणाऱ्याला स्वतःचा अनुभव बरोबर वाटतो. पण उरलेली मुले कोणती, हे दुसऱ्या वर्षी कोणीही छातीठोकपणे सांगू शकत नाही. समज कमी, हातवारे कमी आणि घराण्यात तशी उदाहरणे असतील, तर धोका वाढतो एवढेच सांगता येते. देवाला गाऱ्हाणे घालण्याला माझी हरकत नाही. मीही माझ्या गावच्या देवळात ते घालते. हरकत आहे ती गाऱ्हाणे घालून वर्षभर स्वस्थ बसण्याला. वेखंड उगाळून चाटवल्याने भाषा येत नाही, आणि लहान मुलांना त्याचा त्रास होऊ शकतो. जीभ खालून चिकटलेली असेल तर काही उच्चार अडतील, पण सांगितलेले न समजणे हे त्यामुळे होत नाही, म्हणून केवळ त्या कारणासाठी जिभेखालचा पडदा कापून घेऊ नये.

आणखी एक सल्ला मला खोडून काढावासा वाटतो. एका बालवाडीने पालकांना सांगितले होते की घरात मालवणी, शाळेत मराठी आणि वर इंग्रजी असल्यामुळे मूल गोंधळले आहे, तेव्हा घरी मालवणी बंद करा. दोन-तीन भाषा कानावर पडल्याने भाषाविकार होत नाही. विकार असेल तर तो मुलाच्या प्रत्येक भाषेत दिसतो. एका भाषेत मूल सहज गप्पा मारत असेल, तर दुसरी अजून शिकायची आहे, इतकेच. आणि मालवणी बंद केली की व्यवहारात आजीचे बोलणेच बंद होते. वडील मुंबईला, आई कामाला, अशा घरात दिवसभर मुलाशी मनमोकळे बोलणारी ती एकच व्यक्ती असते.

उपचार म्हणजे माझ्या खोलीतला आठवड्यातला पाऊण तास, असे समजणाऱ्यांना मी आठवडाभराच्या जागेपणीच्या तासांचा हिशेब करायला सांगते. खोलीत मी मुख्यतः घरच्या माणसाला शिकवते. गेल्या पावसाळ्यात एका आईबरोबर मी तिच्या मागीलदारी बसले होते. ती बांगडे साफ करत होती, मुलगा उकिडवा बसून पाहत होता, आणि मांजर घोटाळत होते. तो मांजराकडे बोट दाखवून “माव” म्हणाला. आई सवयीने म्हणणार होती, “मांजर म्हण, मांजर.” मी तिला थांबवले. ती म्हणाली, “मांजर इला.” मग गप्प राहिली. हे गप्प राहणेच सर्वांत अवघड असते, कारण पाच-दहा सेकंदांची शांतता मोठ्यांना सहन होत नाही. मुलाने बांगड्याकडे पाहिले, मग मांजराकडे. आई म्हणाली, “मांजराक मासो होयो.” पुन्हा थांबली. थोड्या वेळाने तो म्हणाला, “माव… मासो.” त्याचे ते दोन शब्द पहिल्यांदाच एकत्र आले.

यात करायचे ते इतकेच की मूल पाहत असेल त्याच गोष्टीविषयी बोलावे, त्याच्या शब्दात एकच शब्द वाढवून परत द्यावा आणि मग वाट पाहावी. चुकीचे वाक्य दुरुस्त करून म्हणवून घेऊ नये. “आजी दुकान गेली” असे मूल म्हणाले तर “हो, आजी दुकानात गेली” असे सहज म्हणावे, आणि तोच ‘त’ दिवसभरात आणखी वेगवेगळ्या वाक्यांतून त्याच्या कानावर पडू द्यावा. “हे काय? ते काय?” ही प्रश्नांची सरबत्ती बंद करावी. पाणी हवे असताना “आधी बोल, मग देते” म्हणून अडवू नये, “पाणी की पेज?” असे दोन्ही वस्तू दाखवून विचारावे. कोणती रचना आधी घ्यायची, किती वेळा ऐकवायची, प्रगती कशी मोजायची हे तज्ज्ञाने ठरवायचे असते, आणि चार-पाच वर्षांपुढील मुलांना गोष्ट सांगण्याचे, शब्दांचे परस्परसंबंध लावण्याचे वेगळे काम लागते. विकार मुळातला असेल तर तो पूर्णपणे नाहीसा होईलच असे मी कोणाला सांगत नाही. मुलाचे बोलणे, शिकणे आणि मित्र जोडणे यांत खूप फरक पडतो, हे मात्र सांगते.

मोबाइलने भाषाविकार होतो असेही मी म्हणत नाही. तो बोलण्याची वेळ खातो, म्हणून नको. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दोन वर्षांखालील मुलांसाठी मोबाइल-टीव्हीचा पडदा नकोच आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला एक तासाहून अधिक नको, असे सांगितले. मुंबईच्या बाबांशी व्हिडिओ कॉलवर बोलणे मी यात धरत नाही, कारण तिकडून कोणीतरी मुलाला उत्तर देत असते.

अडचण अंतराची आहे, हे मला मान्य आहे. मुंबईत वांद्र्याच्या अली यावर जंग या वाचा-श्रवणदोषांच्या राष्ट्रीय संस्थेत सर्व तपासण्या होतात, पण सिंधुदुर्गातून तेथे जायचे म्हणजे रात्रभराची गाडी आणि बुडलेली मजुरी. २०१३ पासून सुरू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा मुले तपासतात, तेव्हा आपल्या मुलाविषयीची शंका स्वतःहून बोलून दाखवावी, आणि अशा मुलांची पुढील तपासणी व उपचार करणाऱ्या जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे जाण्याची चिठ्ठी मागून घ्यावी. खासगी तज्ज्ञाकडे जायचे असेल तर त्याची भारतीय पुनर्वास परिषदेकडे (या व्यावसायिकांची नोंदणी करणाऱ्या सरकारी संस्थेकडे) नोंदणी आहे ना, हे विचारण्यात संकोच करू नये. जाताना मूल स्वतःहून वापरत असलेल्या शब्दांची यादी न्यावी, ते घरी खेळताना, भांडताना, जेवताना केलेले दोन-तीन मिनिटांचे चित्रण मोबाइलवर न्यावे, कारण नव्या खोलीत पुष्कळ मुले तोंड उघडत नाहीत. आणि शक्य असेल तर आजीलाही बरोबर आणावे, कारण दिवसभर मुलापाशी तीच असते आणि घरी गेल्यावर बहुतेक काम तिलाच करायचे असते.