मुलांचा डिस्चार्ज वेळेत व्हावा म्हणून ईएचआर कसं वापरलं – माझा अनुभव

मी लहान मुलांच्या वॉर्डात डॉक्टर आहे. आमच्याकडे सगळं रेकॉर्ड कॉम्प्युटरवर म्हणजे ईएचआरवर येऊन बराच काळ झाला होता, पण डिस्चार्जचा उशीर मात्र पाचवीला पुजलेला. सकाळच्या राउंडला सांगायचं "आज घरी सोडू" आणि आईबाबा बॅग भरून, बाळाला बाहेरचे कपडे घालून संध्याकाळपर्यंत बेडवर बसलेले, आणि तिकडे इमर्जन्सीत दुसरं आजारी मूल त्याच बेडची वाट बघतंय. कुठे अडलंय विचारलं की फार्मसी म्हणणार प्रिस्क्रिप्शन उशिरा आलं, सिस्टर म्हणणार डिस्चार्ज समरी (घरी जाताना द्यायचा कागद) तयार नाही, रेसिडेंट डॉक्टर म्हणणार रिपोर्ट यायचाय.

शेवटी क्वालिटी प्रोजेक्ट म्हणून हे काम हातात घेतलं. डेटा काढला तेव्हा कळलं की डिस्चार्जची ऑर्डर कधी पडली आणि मूल वॉर्डातून कधी गेलं हे दोन्ही टाइम सिस्टीममध्ये आहेत, पण मूल घरी जायला फिट कधी झालं याची नोंदच कुठे नाही. घोडं नेमकं तिथेच अडत होतं. रात्री बरं झालेलं मूल सकाळच्या राउंडपर्यंत नुसतं थांबायचं आणि तो सगळा वेळ आकड्यांत दिसायचाच नाही.

अमेरिकेतल्या सिनसिनाटी चिल्ड्रन्स हॉस्पिटलच्या टीमने यावर 2014 मध्ये पेपर छापलाय, तो आम्ही सगळ्यांनी वाचला. घरी जायचे निकष पूर्ण झाल्यापासून 2 तासांत घरी जाणाऱ्या मुलांचं प्रमाण त्यांनी 42 टक्क्यांवरून 80 टक्क्यांवर नेलं होतं, आणि परत अ‍ॅडमिट होणाऱ्यांचं प्रमाण वाढलं नव्हतं. मला त्यातली सगळ्यात पटलेली गोष्ट म्हणजे घरी जायचे निकष अ‍ॅडमिशनच्या वेळीच ठरवायचे.

तेच आम्ही अ‍ॅडमिशनच्या ऑर्डर सेटमध्ये, म्हणजे सिस्टीममधल्या सूचनांच्या तयार यादीत, घातलं. दमा असेल तर पंपाच्या दोन डोसमध्ये 4 तासांचं अंतर टिकतंय का आणि स्पेसर (पंपाला लावायची नळी) वापरायला घरच्यांना येतंय का. जुलाब-उलट्या असतील तर सलाईनशिवाय तोंडाने नीट पितंय का, लघवी होतेय का. लिहायला सोपं वाटतं पण यावर वाद किती झाले! ब्रॉन्किओलायटिसवर (बाळांच्या छातीतल्या बारीक श्वासनलिकांना सूज येते तो आजार) तर मीटिंगमागून मीटिंग, कारण ऑक्सिजन सॅच्युरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी) किती असलं की सोडायचं यावर प्रत्येक सीनियरचा आकडा वेगळा, कुणाचा 92, कुणाचा 94. अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सच्या 2014 च्या गाइडलाइनप्रमाणे 90 च्या वर असेल तर जास्तीचा ऑक्सिजन दिला नाही तरी चालतं, त्यावर शेवटी एकमत झालं, सोबत बाळ नीट दूध पितंय आणि श्वासाला फार जोर लावत नाहीये हे हवंच. माझं स्पष्ट मत आहे की हा वाद घातल्याशिवाय सॉफ्टवेअरला हातच लावू नये, डॉक्टरांचंच एकमत नसेल तर स्क्रीनवरचा चौकोन काय करणार.

निकष पूर्ण झाले की टिक सिस्टरने करायची आणि टाइम आपोआप पडायचा असं ठरलं. पहिले काही आठवडे ग्राफ बघितला तर सगळी मुलं ड्यूटी बदलायच्या जरा आधीच बरी होतायत असं दिसत होतं! झालं असं होतं की टिक करायचं पान वेगळं होतं, ते उघडायला कामाच्या गडबडीत वेळच नाही, मग शेवटी एकदम सगळं भरलं जायचं. कुणीतरी म्हणालं पॉपअप टाका, पण आधीच इतके पॉपअप येतात की न वाचताच बंद केले जातात, मी त्याला सरळ विरोध केला. सिस्टर म्हणाल्या, "डॉक्टर, टेंपरेचर आणि पल्स भरतो ना, त्याच पानावर द्या." तसं केलं आणि खरे टाइम यायला लागले.

एक दम्याची मुलगी आठवते. पहाटे तिचं 4 तासांचं अंतर पूर्ण झालं, सिस्टरने टिक केली, निकष पूर्ण झाले की सोडा अशी ऑर्डर आम्ही संध्याकाळीच टाकून ठेवली होती, समरीचा ड्राफ्ट तयार, औषधं बेडपाशी, बाबांनी स्पेसर स्वतः वापरून दाखवलेला. ड्यूटीवरच्या रेसिडेंटने एकदा छाती तपासली आणि राउंड सुरू व्हायच्या आत ती घरी निघाली.

सिरपचा डोस समरीत फक्त मिलिग्रॅममध्ये यायचा, तो आता मिलिलीटरमध्ये पण येतो, सिरिंजवर नेमका कुठपर्यंत भरायचा ते आईला दाखवून तिच्याकडून परत करून घेतो. यातच आधी किती वेळ जायचा, आणि घाईत चूक व्हायची भीती वेगळीच.

मॅनेजमेंटला "दुपारी 12 च्या आत डिस्चार्ज" असं टार्गेट हवं होतं. मी ठाम नाही म्हटलं. संध्याकाळी 4 ला फिट झालेलं मूल मग आकडा चांगला दिसावा म्हणून दुसऱ्या सकाळपर्यंत ठेवलं जाईल, ते कुणाच्या भल्याचं? आम्ही फिट झाल्यापासून निघेपर्यंतचा वेळच मोजतो आणि सोबत 7 दिवसांत कोण परत अ‍ॅडमिट झालं तेही बघतो. रन चार्टवर (काळानुसार आकडे दाखवणारा ग्राफ) सलग 8 ठिपके मधल्या रेषेच्या चांगल्या बाजूला आले, म्हणजे सुधारणा नुसता योगायोग नव्हती, तेव्हा टीमने तो प्रिंट काढून नर्सिंग स्टेशनवर लावला.

ट्यूबने फीड घेणारी, घरी ऑक्सिजन लागणारी मुलं मात्र या ठरावीक निकषांत बसत नाहीत. त्यांचं मशीन यायचंय, घरच्यांना ट्यूब घालायला शिकवायचंय, यातच दिवस जातात. त्यांच्यासाठी अ‍ॅडमिशनच्या दिवसापासून सुरू होणारी वेगळी चेकलिस्ट बनवतोय आणि यावेळी स्क्रीन कशी असावी हे सिस्टरांना पहिल्या मीटिंगलाच विचारलंय.