व्हर्जिनियाची असेंब्ली आणि लोकांचे अर्ज: कोणाचं ऐकलं, कोणाचं नाही

1776 ते 1865 या काळात अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्याच्या लोकांनी आपल्या जनरल असेंब्लीला, म्हणजे विधिमंडळाला, पाठवलेले सुमारे 25,000 अर्ज रिचमंडच्या लायब्ररी ऑफ व्हर्जिनियात ठेवलेत आणि ते स्कॅन करून ऑनलाइनही टाकलेत. मी गेले काही दिवस तेच वाचत बसलोय. अमेरिकेचा इतिहास म्हटलं की आपल्याकडे वॉशिंग्टन, जेफरसन, राज्यघटना एवढंच येतं, पण ते राज्य रोजच्या रोज चालत कसं होतं हे बघायचं असेल तर हे अर्ज वाचावेत असं मला अगदी मनापासून वाटतं.

विषय म्हणाल तर काहीही. नदीवर फेरीबोट सुरू करायचीय, पाणचक्कीसाठी बांध घालायचाय, तंबाखू तपासायचं गोदाम आमच्या बाजूला हवं, काउंटी (म्हणजे जिल्हा) एवढी मोठी आहे की कोर्टाला जायचं तर दोन डोंगर ओलांडावे लागतात म्हणून तिचे दोन तुकडे करा, युद्धात सैन्याने माझा घोडा नेला त्याचे पैसे द्या, मला घटस्फोट द्या. हो, घटस्फोटसुद्धा, कारण तेव्हा तिथे लग्न कायमचं मोडायचं तर असेंब्लीला त्या एका जोडप्यासाठी वेगळा कायदा करावा लागायचा! 1776 चाच एक अर्ज नॉरफोकच्या मेरी वेबली नावाच्या बाईचा आहे, ब्रिटिश जहाजाने शहरावर तोफा डागल्या तेव्हा ती आपल्या सगळ्यात धाकट्या मुलाला दूध पाजत होती आणि गोळ्याने तिचा पाय मोडला, तर आता मला काहीतरी मदत करा म्हणून तिने थेट राज्याच्या सभागृहाकडे मागितलंय. तिला मत द्यायचा अधिकार नव्हता, पण अर्ज करायचा होता, आणि मतदानाची यादी केवढी छोटी होती हे बघितलं की या दाराचं महत्त्व कळतं.

पद्धत साधी होती पण पक्की होती. लोक गावात, चर्चमध्ये, काउंटी कोर्टाच्या दिवशी जमले की कागद फिरायचा, सह्या व्हायच्या, ज्याला लिहिता येत नाही तो फुली मारायचा. मग तो कागद त्या काउंटीचा डेलिगेट, म्हणजे निवडून दिलेला प्रतिनिधी, हाउस ऑफ डेलिगेट्स या खालच्या सभागृहात सादर करायचा (1776 च्या घटनेप्रमाणे सगळे कायदे याच सभागृहात सुरू व्हायचे, सिनेटला स्वतःहून बिल आणता यायचं नाही, म्हणून अर्जांची गर्दी इथेच). तिथे तो वाचला जायचा आणि विषय बघून कमिटीकडे जायचा, धर्माची वेगळी कमिटी, निवडणुकांची वेगळी, कोर्टांची वेगळी, युद्धातल्या वगैरे दाव्यांची वेगळी, आणि बाकीच्या मागण्या आणि गाऱ्हाण्यांची एक मोठी कमिटी. कमिटी कागदपत्रं बघून सांगायची की मागणी वाजवी आहे किंवा फेटाळावी, वाजवी ठरली तर बिल तयार करायचा हुकूम. आणि हे सगळं अर्जाच्या पाठीमागे तारखेसकट टिपलेलं आहे, कधी आला, कोणाकडे गेला, काय ठरलं. काही कामांसाठी आधी कोर्टहाउसच्या दारावर नोटीस लावावी लागायची, म्हणजे ज्याचं नुकसान होणार आहे त्यालाही उलटा अर्ज करता यावा, आणि लोक तो करायचेही. एका फेरीबोटीसाठी एवढी काळजी! मला हे फार आवडलं.

पण या पद्धतीची खरी ताकद धर्माच्या भांडणात दिसते. ऑक्टोबर 1776 मध्ये, म्हणजे स्वातंत्र्याच्या घोषणेला चार महिनेही झाले नव्हते तेव्हा, बॅप्टिस्ट आणि इतर पंथांच्या लोकांनी एक अर्ज आणला, सरकारी चर्चच्या जाचातून आम्हाला सोडवा असा, आणि त्यावर जवळजवळ 10,000 सह्या होत्या, सह्यांचे कागद एकमेकांना जोडून जोडून भलीमोठी पट्टी झालेली. त्या वर्षी त्यांना थोडंच मिळालं. मग 1784 मध्ये तिथला मोठा पुढारी पॅट्रिक हेन्री याच्या बाजूने एक बिल आलं, ख्रिस्ती धर्मगुरूंच्या पगारासाठी सगळ्यांवर कर बसवायचा, आणि ते पास व्हायच्या बेतात होतं. तेव्हा सभागृहाने निर्णय पुढच्या वर्षावर ढकलला आणि बिल छापून काउंट्यांमध्ये वाटलं, लोकांना काय वाटतं ते कळवा म्हणून. हे मला फार मोठं वाटतं कारण मत विचारणारं सभागृह स्वतः होतं! जेम्स मॅडिसनने (हाच पुढे राष्ट्राध्यक्ष झाला) आपलं नाव न घालता करविरोधी अर्ज लिहून दिला, त्याच्या प्रती फिरल्या, पण त्याहून जास्त सह्या बॅप्टिस्ट वगैरे लोकांनी फिरवलेल्या दुसऱ्या एका अर्जावर पडल्या, हे सहसा कोणी सांगत नाही, सगळं श्रेय एकट्या मॅडिसनला जातं. एकूण 11,000 च्या आसपास सह्या आल्या, बहुतेक विरोधातल्या. कराचं बिल मागे पडलं आणि जानेवारी 1786 मध्ये जेफरसनचा धर्मस्वातंत्र्याचा कायदा पास झाला. शेतकऱ्यांनी आणि खेडोपाडीच्या प्रचारकांनी सह्या गोळा करून कायदा फिरवला, यात कुठेही अतिशयोक्ती नाही.

आता दुसरी बाजू, आणि ती वाचताना खूप त्रास होतो. त्याच 1785 च्या अधिवेशनात मेथडिस्ट या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी गुलामगिरी हळूहळू संपवा असा अर्ज दिला, तो वाचला आणि एकाही विरोधी मताशिवाय फेटाळला. त्याच वेळी दक्षिणेकडच्या काउंट्यांतून शेकडो सह्यांचे अर्ज आले की 1782 चा कायदा, ज्याने मालकाला स्वतःच्या मर्जीने गुलाम मुक्त करता येत होते, तोच रद्द करा. तो लगेच रद्द झाला नाही एवढंच. पण बघा, धर्माच्या बाबतीत स्वातंत्र्य मागणारे आणि माणसं मालकीची ठेवायचा हक्क मागणारे एकाच रस्त्याने आले, त्याच टेबलावर, त्याच पद्धतीने.

आणि गुलाम माणूस स्वतः आला तर? न्यू केंट काउंटीच्या जेम्सची गोष्ट बघा. 1781 मध्ये तो अमेरिकनांच्या बाजूने लढणाऱ्या लाफाएत या फ्रेंच जनरलसाठी ब्रिटिशांच्या छावणीत हेरगिरी करत होता, जीव धोक्यात घालून. 1783 च्या कायद्याने जे गुलाम कोणाच्या बदली सैनिक म्हणून लढले ते मुक्त झाले, पण हा सैनिक नव्हता, हेर होता, म्हणून कायद्यात बसलाच नाही. त्याने 1786 मध्ये अर्ज केला, सोबत 1784 चं लाफाएतच्या हातचं सर्टिफिकेट, आणि 1787 च्या जानेवारीत असेंब्लीने खास कायदा करून त्याला मुक्त केलं, मालकाला सरकारी तिजोरीतून किंमतही दिली. पुढे तो जेम्स लाफाएत म्हणून जगला आणि पुन्हा अर्ज करून वर्षाला 40 डॉलर पेन्शन मिळवलं. जिंकला, पण एका जनरलची चिठ्ठी हातात होती म्हणून, आणि ज्यांच्याकडे अशी चिठ्ठी नव्हती ते किती असतील?

1806 नंतर तर आणखी वाईट. नवीन कायदा आला की मुक्त झालेल्या माणसाने 12 महिन्यांत राज्य सोडायचं, नाहीतर पुन्हा विकला जाईल. म्हणजे स्वातंत्र्य मिळालं की बायको, नवरा, मुलं मागे ठेवून जायचं, कारण ते अजून कोणाच्या तरी मालकीचे. मग राहू द्या म्हणून अर्ज सुरू झाले, खाली गोऱ्या शेजाऱ्यांच्या सह्या, माणूस कष्टाळू आहे, चांगल्या वागणुकीचा आहे. किंग जॉर्ज काउंटीच्या ल्युसिंडाने 1813 मध्ये तर मला पुन्हा गुलाम करा असा अर्ज दिलाय, नवऱ्याच्या मालकाकडे, म्हणजे नवऱ्याजवळ राहता येईल. असेंब्लीकडे या बाईने काय मागावं! मी हा अर्ज दोनदा वाचला आणि त्या दिवशी पुढचं काही वाचू शकलो नाही.

हळूहळू असेंब्लीने ही कामं कोर्टांकडे सरकवली, 1827 पासून घटस्फोटाचा काही भाग, 1837 पासून राज्यात राहायची परवानगी काउंटी कोर्टांकडे, आणि 1851 च्या घटनेने तर असेंब्लीला घटस्फोट द्यायलाच मनाई केली. एकेका माणसासाठी एकेक कायदा करत बसणं शक्यच नव्हतं हे पटतं मला. पण मुक्त झालेल्या माणसासाठी हा बदल बरा म्हणता येत नाही, कारण आता निर्णय देणारे मॅजिस्ट्रेट त्याच काउंटीतले, बऱ्याचदा स्वतः गुलाम ठेवणारे जमीनदार, आणि त्यांचं मन वळवायचं तर त्यांच्याच ओळखीच्या गोऱ्या लोकांची शिफारस लागायची.