कारवी नसलेल्या डोंगरात

पहाटे गाडीत बसताना भाच्याने माझ्यापुढे चार लिटर पाणी ठेवलं आणि त्यावर मोठ्या दातांचा एक साधा कंगवा. "मावशी, हा सॅकच्या वरच्या कप्प्यात असू दे. आणि आज हात कुठे ठेवतेस ते आधी बघायचं, मग ठेवायचा."

ॲरिझोनात फीनिक्सच्या पूर्वेला, अपाची जंक्शनजवळ सुपरस्टिशन डोंगररांग सपाटीतून एकदम भिंतीसारखी उठते. तिच्या माथ्यावर इस्त्रीच्या टोकासारखं पुढे आलेलं पठार म्हणजे फ्लॅटआयर्न, उंची 4,861 फूट. सायफन ड्रॉ नावाच्या घळीतून वर जायचं. जाऊन-येऊन जेमतेम सहा मैल, पण चढ साधारण 2,700 फुटांचा, आणि त्यातला बहुतेक शेवटच्या टप्प्यात. घळ मला नवी नव्हती. बेलपाड्याहून नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड मी दोनदा चढले आहे. तरी भाच्याच्या सांगण्यावरून फेब्रुवारीपर्यंत थांबले, ते बरंच झालं. 2023 च्या उन्हाळ्यात फीनिक्समध्ये सलग 31 दिवस पारा 110 फॅरनहाइटला, म्हणजे 43 अंश सेल्सियसला, टेकला होता. त्या दिवसांत या घळीत शिरायचा विचारही कोणी करू नये.

लॉस्ट डचमन स्टेट पार्कमधून निघालो तेव्हा नुकतं फटफटत होतं. (पार्कचं नाव याकोब वॉल्ट्झ या जर्मन माणसावरून पडलंय. तो 1891 मध्ये वारला. त्याची म्हणतात ती सोन्याची खाण लोक अजून शोधतायत.) सग्वारो निवडुंगाचे उंच खांब, पालो वेर्दे झाडांची हिरवी खोडं आणि मधेमधे चोया. हे निवडुंग लांबून इतकं मऊ, लोकरीचं दिसतं की हात फिरवावासा वाटतो. तासाभरात बेसिन आलं. पावसाच्या लोंढ्यांनी घासून घासून कातळाची प्रचंड परात केली आहे. कोरड्या कातळावर बूट छान धरत होते. ओल्या कातळावर मी पाऊल टाकलं नसतं.

पार्कने राखलेली वाट इथेच संपते. पुढे नुसती दगडांनी भरलेली घळ. एकदा आम्ही डावीकडच्या फसव्या फाट्यात शिरलो, वीस मिनिटांनी वाट बंद झाली आणि मुकाट्याने मागे आलो. सह्याद्रीतला बेसाल्ट म्हणजे वाहून थिजलेला लाव्हा. इथला बराचसा खडक ज्वालामुखीच्या राखेचा आहे, दीड-दोन कोटी वर्षांपूर्वी उष्णतेनेच सांधला गेलेला. हाताला खरखरीत लागतो, पकड सुरेख मिळते, पण सुटे दगड जागोजागी. वरून कोणी "रॉक!" ओरडलं की आम्ही कडेला चिकटायचो. आपल्याकडे "दगड!" ओरडतात, अंग मात्र तेवढ्याच झटक्यात कातळाला लागतं.

खरी अडचण वेगळीच होती. आपल्याकडे चढ अंगावर आला की हात आपोआप कारवीकडे जातो. चार काड्या मुठीत धरायच्या, अंग वर ओढायचं. इथे झुडूप म्हटलं की काटा. आणि खडकातली न दिसणारी भेगही धरायची नाही, आत रॅटलस्नेक असू शकतो. म्हणून प्रत्येक पकड आधी डोळ्यांनी तपासायची, दगड हलवून बघायचा, मगच भार टाकायचा. याने वेग निम्मा होतो, पण पाय किती नीट पडतात हे मला त्या दिवशी कळलं.

माथ्याच्या अगदी खाली दहा-बारा फुटांचा सरळ कातळटप्पा आहे. भाचा आधी गेला. वरून म्हणाला, "मावशी, डावा पाय त्या खाचेत, उजवा हात वर कडेला. घाई नको." पाय खाचेत बसेना. मी खाली उतरले, श्वास घेतला, बुटाचं टोक पुसलं आणि पुन्हा चढले. या वेळी बसला. दहाच्या सुमाराला फ्लॅटआयर्नच्या टोकावर बसून भाकरी-ठेचा खाल्ला. खाली फीनिक्सचं करडं पसरलेपण, उत्तरेला फोर पीक्सची चार शिखरं. अर्धं पाणी शिल्लक होतं, आणि उतरण्यासाठी तेवढं हवंच होतं.

उतरताना घळीत मी बहुतेक बसूनच सरकले. गुडघे बोलत होते, पण बेसिनपर्यंत काही झालं नाही. झालं ते बेसिनच्याही खाली, रुंद वाटेवर. बारीक खडीवरून पाय घसरला आणि तीस वर्षांच्या सवयीने डावा हात बाजूच्या झुडपाकडे गेला.

चोयाचा लिंबाएवढा तुकडा तळहाताला चिकटून आला. काट्यांना उलटे दाते असतात, ओढलं की आणखी रुततात. दुसऱ्या हाताने काढायला गेले तर भाचा ओरडला, "हात लावू नकोस!" वरच्या कप्प्यातून कंगवा काढला, दात तुकडा आणि कातडीच्या मधे सरकवले आणि एका झटक्यात तुकडा उडवला. डोळ्यांतून पाणी आलं. राहिलेले काटे त्याने वाटेवर उकिडवं बसून चिमट्याने एकेक करून उपसले. मी मोजत होते. सतरा.

शेवटचा निघाल्यावर त्याने कंगवा खडकावर आपटून साफ केला आणि माझ्या सॅकच्या वरच्याच कप्प्यात परत ठेवला.