पडद्यावरचे डायनोसॉर आणि दगडातले डायनोसॉर

गेल्या दिवाळीत माझ्या भाच्याने मला आपल्याकडचा प्लॅस्टिकचा व्हेलोसिरॅप्टर मोठ्या अभिमानाने दाखवला. शेजारी उभ्या केलेल्या प्लॅस्टिकच्या माणसाच्या कपाळापर्यंत त्याचे डोके पोहोचत होते, अंगावर मगरीसारखे खवले होते आणि पुढचे दोन्ही पंजे भीक मागणाऱ्या कुत्र्यासारखे खाली लोंबत होते. "मामा, हा सगळ्यांत हुशार असतो. दार उघडून आत येतो," असे त्याने मला बजावले. त्याचे हे ज्ञान कोठून आले, हे मला विचारावे लागले नाही. कारण माझेही ज्ञान तेथूनच आले होते. १९९४ साली 'जुरासिक पार्क' हिंदीत डब होऊन आपल्याकडे आला, तेव्हा आमच्या गावच्या चित्रपटगृहात मी तो लागोपाठ दोन वेळा पाहिला आणि पुढची दहा-बारा वर्षे डायनोसॉर म्हटले की माझ्या डोळ्यांसमोर तेच प्राणी येत असत.

या चित्रपटातील चुका काढणे हा आता एक लोकप्रिय उद्योग झाला आहे. मात्र तो करताना सगळ्या चुका एकाच मापाने मोजल्या जातात, हे मला पटत नाही. काही ठिकाणी चित्रपटाने जाणूनबुजून खोटे सांगितले, काही ठिकाणी त्या काळच्या शास्त्रालाच अधिक काही ठाऊक नव्हते आणि काही ठिकाणी तर नुसत्या नावाची अदलाबदल झाली.

नावाची अदलाबदल म्हणजे अर्थातच व्हेलोसिरॅप्टर. या प्राण्याचे पहिले जीवाश्म १९२३ साली अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्ट्रीच्या मोहिमेला मंगोलियातील गोबीच्या वाळवंटात सापडले आणि पुढच्याच वर्षी हेन्री फेअरफील्ड ऑस्बॉर्न यांनी त्याचे नामकरण केले. नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत सुमारे दोन मीटर लांबी, त्यातही निम्म्याहून अधिक शेपटीच. कमरेपाशी उंची जेमतेम अर्धा मीटर. वजन पंधरा ते वीस किलो. म्हणजे आपल्या अंगणात तो आला असता, तर त्याची पाठ आपल्या गुडघ्याच्या आसपास राहिली असती. चावला असता तर फार वाईट झाले असते यात शंका नाही, परंतु स्वयंपाकघराच्या दाराच्या मुठीपर्यंत पोहोचण्यासाठी त्याला बरीच उडी मारावी लागली असती.

चित्रपटातील रॅप्टर (व्हेलोसिरॅप्टर आणि त्याच्या जातकुळीतल्या शिकाऱ्यांचे हे सुटसुटीत नाव) वास्तविक वेगळ्याच प्राण्यावर बेतलेला आहे. १९६४ साली अमेरिकेतील मोंटाना राज्यात पुराजीवशास्त्रज्ञ जॉन ऑस्ट्रम यांना एका चपळ शिकारी डायनोसॉरचे अवशेष मिळाले आणि १९६९मध्ये त्यांनी त्याला डायनॉनिकस, म्हणजे भयंकर नखाचा प्राणी, असे नाव दिले. त्याच्या मागच्या पायाच्या दुसऱ्या बोटावर कोयत्यासारखे वळलेले नख होते. त्या एका शोधामुळे डायनोसॉर म्हणजे चिखलात रेंगाळणारे मंद अजस्र सरडे, ही समजूत ढासळू लागली आणि पक्ष्यांशी असलेल्या त्यांच्या नात्याची चर्चा नव्याने सुरू झाली. पुढे १९८८मध्ये संशोधक ग्रेगरी पॉल यांनी डायनॉनिकसला व्हेलोसिरॅप्टरच्याच प्रजातीत घालावे, असे मत मांडले. ते मत इतरांनी स्वीकारले नाही, परंतु ज्यांच्या कादंबरीवरून हा चित्रपट निघाला, त्या मायकेल क्रायटन यांना व्हेलोसिरॅप्टर हे नाव अधिक नाट्यपूर्ण वाटले आणि त्यांनी तेच वापरले. म्हणूनच चित्रपटाच्या सुरुवातीला मंगोलियातील प्राणी मोंटानाच्या मातीतून निघताना दिसतो. एवढ्यावर भागले नाही, तर पडद्यावरचा प्राणी डायनॉनिकसपेक्षाही मोठा केला गेला. गंमत अशी की, चित्रपटाचे काम चालू असतानाच युटा राज्यात पाच-सहा मीटर लांबीच्या एका रॅप्टरचे अवशेष मिळाले आणि चित्रपट प्रदर्शित झाला त्याच १९९३ साली युटारॅप्टर या नावाने त्याचे वर्णन प्रसिद्ध झाले. चुकून मारलेला बाण असा निशाणावर बसण्याचे भाग्य फार थोड्यांना लाभते.

त्या नखाबद्दलही थोडे सांगितले पाहिजे, कारण चित्रपटातील सर्वांत भीतिदायक संवाद त्याच्याविषयी आहे. रॅप्टर त्या नखाने सावजाचे पोट फाडतो, असे तेथे एका मुलाला सांगितले जाते. २००५ साली संशोधकांनी तशाच नखाचा यांत्रिक पाय बनवून मांसावर प्रयोग केले, तेव्हा नख खोल रुतत होते, पण चिरत नव्हते. त्यानंतर पुढे आलेले मत मला अधिक पटते: शिक्रा किंवा ससाणा जसा पक्ष्याला पंजाखाली दाबून धरतो आणि तो जिवंत असतानाच त्याचे लचके तोडू लागतो, तसे रॅप्टर आपल्याहून लहान सावजाला नखाने जखडून ठेवत असावेत. ज्यांनी शिक्र्याला साळुंकीवर बसलेले पाहिले आहे, त्यांना हे चित्र मूळ संवादापेक्षा सौम्य वाटणार नाही.

आता पिसांविषयी. भाच्याच्या खेळण्यावर खवले आहेत म्हणून मी चित्रपटाला दोष देणार नाही, कारण १९९३मध्ये पिसे असलेल्या रॅप्टरचा एकही जीवाश्म कोणी पाहिलेला नव्हता. चीनमधील लिआओनिंग प्रांतातून सायनोसॉरोप्टेरिक्स हा केसाळ पिसांचा लहान डायनोसॉर जगापुढे आला तो १९९६ साली. खुद्द व्हेलोसिरॅप्टरच्या हाताच्या हाडावर, पक्ष्यांच्या पंखाच्या हाडावर असतात तशा, पिसांच्या मुळांच्या सहा गाठी असल्याचे २००७मध्ये प्रसिद्ध झाले. दोष द्यायचाच असेल तर तो त्यानंतरच्या चित्रपटांना द्यावा लागेल. २०१५मध्ये ही मालिका पुन्हा सुरू झाली, तेव्हा पिसांची गोष्ट शाळकरी मुलांच्या पुस्तकांतही आली होती, तरीही पडद्यावरचे रॅप्टर उघडेबोडकेच राहिले. लोंबणाऱ्या पंजांचेही तसेच आहे. या प्राण्यांचे तळवे जमिनीकडे वळत नसत, टाळी वाजवायला हात पुढे करावेत तसे ते एकमेकांसमोर असत.

जाणूनबुजून सांगितलेल्या खोट्याचा नमुना म्हणजे डायलोफोसॉरस. चित्रपटात तो माणसाहून बुटका आहे, गळ्याभोवतीची झालर छत्रीसारखी उघडतो आणि डोळ्यांत विष थुंकतो. झालर ऑस्ट्रेलियातील एका सरड्याची उसनी घेतलेली आहे आणि थुंकण्याची कला आफ्रिकेतील नागांची. खऱ्या डायलोफोसॉरसचे सांगाडे १९४०मध्ये अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यातील नवाहो या मूळनिवासी लोकांच्या भूमीत जेसी विल्यम्स या नवाहो गृहस्थांना दिसले आणि दोन वर्षांनी सॅम्युएल वेल्स यांच्या चमूने ते खणून काढले. डोक्यावर दोन उभे तुरे असलेला हा प्राणी जवळजवळ सात मीटर लांब होता आणि सुमारे १९ कोटी वर्षांपूर्वीच्या त्या परिसरातील मोठ्या शिकाऱ्यांत त्याची गणना होत होती. त्याला झालर होती किंवा विष होते, असे सुचवणारी एकही खूण हाडांवर नाही. त्याचा जबडा दुबळा असावा, असे पूर्वी मानले जात असे आणि विषाची कल्पना बहुधा त्यातूनच सुचली. परंतु २०२०मधील सविस्तर अभ्यासाने तो जबडा चांगला भक्कम असल्याचे दाखवून दिले. एवढ्या थोर प्राण्याला विनोदी खलनायक केल्याचे मला अजूनही वाईट वाटते.

टायरॅनोसॉरसपुढे स्तब्ध उभे राहिले तर तो आपल्याला पाहू शकत नाही, ही समजूतही या चित्रपटाचीच देणगी आहे. त्याचे थोबाड पुढे अरुंद आणि कवटी मागे रुंद असल्यामुळे डोळे समोर रोखलेले होते आणि दोन्ही डोळ्यांनी एकाच वेळी दिसणारा टापू, २००६च्या एका अभ्यासानुसार, सुमारे ५५ अंशांचा, म्हणजे बहिरी ससाण्यासारख्या पक्ष्यांपेक्षाही मोठा होता. शिवाय मेंदूतील वासाचा भाग चांगला विकसित होता, त्यामुळे घामाने निथळत उभ्या असलेल्या माणसाला शोधण्यासाठी त्याला डोळ्यांची गरजही पडली नसती. मात्र पळून जाण्याचा मार्ग खुला होता. २००२मध्ये दोन संशोधकांनी पायांच्या स्नायूंचे गणित मांडून हा प्राणी वेगाने धावू शकत नव्हता, असा निष्कर्ष काढला; त्यासाठी त्यांनी सहा टनांच्या काल्पनिक कोंबडीचेही गणित करून पाहिले आणि तिलाही धावता येईना. जीपगाडीचा पाठलाग हे दृश्य म्हणूनच सुंदर आहे, शक्य नाही. उद्यानाच्या नावात जुरासिक असले तरी टायरॅनोसॉरस त्या नावाच्या कालखंडातला नव्हे, त्यानंतरचा, ही चूक सर्वांना माहीत आहेच; काळाच्या हिशेबाने तो त्याच चित्रपटातल्या लांब मानेच्या ब्रॅकिओसॉरसपेक्षा आपल्याला अधिक जवळचा आहे.

असे असले तरी जमेची बाजूही मोठी आहे. माझ्या लहानपणीच्या पुस्तकांत टायरॅनोसॉरस कांगारूसारखा ताठ उभा असे आणि शेपटी जमिनीवर फरपटत नेत असे. कणा आडवा आणि शेपटी हवेत तोललेली, ही ठेवण तज्ज्ञांना आधीच मान्य झालेली होती, परंतु सामान्य प्रेक्षकाच्या मनात ती रुजवली या चित्रपटाने. न्यूयॉर्कच्या संग्रहालयातला प्रसिद्ध सांगाडा आडव्या ठेवणीत पुन्हा उभारून लोकांपुढे आला, तो चित्रपटानंतर. मला सर्वांत आवडणारा तपशील मात्र स्वयंपाकघराच्या प्रसंगातला आहे. सुरुवातीच्या आराखड्यात रॅप्टर सापासारखी जीभ लवलवत होते; सल्लागार असलेले पुराजीवशास्त्रज्ञ जॅक हॉर्नर यांनी त्याला हरकत घेतली आणि जिभेऐवजी दाराच्या काचेवर रॅप्टरच्या श्वासाची वाफ धरलेली दाखवली गेली. डायनोसॉर उष्ण रक्ताचे होते, हा सबंध सिद्धांत त्या दोन सेकंदांत सांगून झाला.

आणखी एका गोष्टीने माझ्या टीकेची धार कमी केली. या चित्रपटांत डायनोसॉर हिरव्यागार गवतातून हिंडताना दिसतात आणि डायनोसॉरच्या काळात गवत नव्हतेच, असे आक्षेपक मोठ्या आत्मविश्वासाने सांगत असत. मीही सांगत असे. २००५मध्ये पुराजीवशास्त्रज्ञ वंदना प्रसाद, अशोक साहनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डायनोसॉरच्या अश्मीभूत शेणातून गवताचे सिकतामय, म्हणजे वाळूसारख्या सिलिकाचे, सूक्ष्म कण शोधून काढले. एक-दोन नव्हे, किमान पाच प्रकारच्या गवतांचे, आणि त्यांत भाताच्या कुळाशी जवळीक असलेलेही. हे शेण बहुधा टायटॅनोसॉर या लांब मानेच्या अजस्र प्राण्यांचे होते आणि ते सापडले होते आपल्याच चंद्रपूर जिल्ह्यातील पिसदुरा या गावी. त्या प्राण्यांचे मुख्य अन्न गवत नव्हते, पण चरता चरता ते तोंडात जात होते, एवढे त्यातून नक्की झाले. भाच्याला मी हे सांगितले, तेव्हा त्याने व्हेलोसिरॅप्टर बाजूला ठेवला आणि पिसदुऱ्याला जायला किती वेळ लागतो, असे विचारले.