दिराची टीबी तपासणी: पैसे कुठे गेले आणि कुठे वाचले

आमचे धाकटे भाऊजी उल्हासनगरात जीन्सच्या कारखान्यात शिलाईचं काम करतात. खोकला हटेना म्हणून एका खाजगी डॉक्टरांनी एक्स-रे बघून टीबीचा नेहमीचा चार औषधांचा कोर्स सुरू केला. बेडका तपासलाच नाही. दोन महिने औषध घेऊनही वजन उतरतच होतं, तेव्हा त्यांनी लांबलचक यादी लिहून दिली: सीटी स्कॅन, रक्ताच्या डझनभर तपासण्या आणि वर टीबी गोल्ड. लॅबच्या काउंटरवर आकडा ऐकून भाऊजी म्हणाले, "वहिनी, राहू दे. खोकला काय, जाईल."

यादी घेऊन मी आमच्या चाळीतल्या आरोग्य सेविका ताईंकडे गेले. त्यांनी एकच विचारलं, "औषध लागू का पडत नाही, ते यातली कुठली टेस्ट सांगणार?" एकही नाही. टीबी गोल्ड ही रक्ताची टेस्ट शरीरात टीबीचा जंतू शिरलाय का एवढंच दाखवते. आजार आत्ता चालू आहे का हे त्यावरून ठरत नाही, मग कोणतं औषध चालेल हे तर दूरच. रक्तातल्या अँटिबॉडीवरून टीबी सांगणाऱ्या टेस्टवर तर सरकारने 2012 मध्येच बंदी आणली. हवी होती ती सीबीनॅट किंवा ट्रूनॅट, म्हणजे बेडक्यात टीबीच्या जंतूचा डीएनए शोधून मुख्य औषध चालेल का तेही सांगणारी टेस्ट. दोन्ही सरकारी केंद्रात फुकट होतात, आणि पेशंट खाजगी डॉक्टरचा असला तरी चालतं. हे मला कुणीच आधी सांगितलं नव्हतं. खाजगीतच करायची असेल तरी 2013 मध्ये सुरू झालेल्या आयपॅक्ट नावाच्या योजनेतल्या लॅब सीबीनॅट ठरलेल्या कमी दरात करतात. दर विचारताना योजनेचं नाव घ्यावं.

खरी मेहनत बेडक्याची. भाऊजींनी पहिली डबी दिली त्यात नुसती लाळ. लॅबमधल्या दादांनी ती उजेडात धरली आणि परत केली. "थुंकी नको, छातीतून आलेलं पाहिजे. सकाळी उठल्यावर चूळ भरा, मोकळ्या हवेत जा, खोल श्वास घ्या, दोनदा सोडा, तिसऱ्यांदा जोरात खोका." दुसऱ्या दिवशी गच्चीवर पाण्याच्या टाकीपाशी उभं राहून त्यांनी तेच केलं, आणि घट्ट, पिवळसर बेडका आला. डबीचं झाकण लावून, प्लास्टिकच्या पिशवीत घालून मी तो उन्हं चढायच्या आत पोचवला.

आमच्या केंद्रात ट्रूनॅट होतं, गोव्याच्या मोलबायो कंपनीचं छोटं यंत्र. आधी टीबी आहे का याची चिप लावतात, तो निघाला की त्या चार औषधांतलं मुख्य, रिफॅम्पिसिन, चालतं का याची. उत्तर आलं: टीबी आहे, रिफॅम्पिसिनला दाद देत नाही. म्हणजे दोन महिने पोटात गेलेल्या गोळ्यांमधली सगळ्यात महत्त्वाची गोळी वाया.

पण तेवढ्यावर औषध ठरत नाही. आणखी नमुने बर्फाच्या डब्यातून मोठ्या लॅबला गेले, एलपीए (जंतूच्या जनुकांवरून कोणती औषधं चालणार नाहीत ते सांगणारी टेस्ट) आणि कल्चरसाठी (लॅबमध्ये जंतू वाढवून बघणं). एलपीएने त्या चारांतलं आयसोनियाझिडही चालत नसल्याचं सांगितलं, पण लेव्होफ्लॉक्सासिन-मॉक्सिफ्लॉक्सासिन या औषधांचा गट शाबूत निघाला, म्हणजे ती चालणार होती. कल्चरला वेळ लागतो. द्रवातल्या कल्चरमध्ये काहीच उगवलं नाही असं म्हणायलाच सहा आठवडे थांबतात. एलपीएचा कागद मात्र आमच्यापर्यंत येईना. केंद्रात रोज "नाही आला". शेवटी टीबी सुपरवायझरना निक्षय आयडी, म्हणजे सरकारी टीबी नोंदणीतला पेशंटचा नंबर, दिला, त्यांनी मोबाइलवर बघितलं, तर रिपोर्ट कधीचाच चढलेला. तो आयडी पाकिटात ठेवा, कागदाची वाट बघू नका.

मग ईसीजी, हिमोग्लोबिन, लिव्हरच्या तपासण्या करून बीपाल-एम हा चार औषधांचा नवा कोर्स सुरू झाला: बेडाक्विलिन, प्रिटोमॅनिड, लिनेझोलिड, मॉक्सिफ्लॉक्सासिन. सहा महिने, सगळं तोंडाने, इंजेक्शन नाही. गोळ्याही सरकारी. लिनेझोलिडमुळे तळपायाला मुंग्या येऊ लागल्या की लगेच सांगा, असं बजावलं होतं, कारण सुईत दोरा ओवणाऱ्या माणसाला बोटं बधिर होणं परवडत नाही. निक्षय पोषण या टीबी पेशंटच्या आहारासाठीच्या सरकारी योजनेचे महिन्याला 1000 रुपये खात्यात येतात; अंडी-डाळीला तेवढाच हातभार. घरातल्या आम्हा सगळ्यांचे एक-एक करून एक्स-रे झाले.

एक गोष्ट नातेवाईक हमखास सुचवतात: "मधेच पुन्हा ट्रूनॅट करून बघा, बरं झालंय का." करू नका. ती टेस्ट मेलेल्या जंतूंचाही डीएनए पकडते, त्यामुळे औषध लागू पडत असूनही पॉझिटिव्ह येऊ शकते. फरक कळतो तो कल्चरमध्ये, म्हणून औषध चालू असताना तेच पाठवतात.