देवगड ते वाशी, आणि सेल्फची ती ‘टक’

एप्रिलात मामाच्या टाटा 407 टेम्पोमधून देवगड ते वाशी जाऊन आलो, हापूसच्या पेट्या घेऊन. गाडी 1998 ची आहे आणि समुद्राच्या अगदी जवळ, मामाच्या अंगणात उभी असते. इंजिन अजून एक नंबर, पण गेले चार महिने सेल्फ, म्हणजे इंजिन चालू करणारी मोटर, त्रास देत होता. सकाळी थंड गाडी लगेच चालू व्हायची, दुपारी तापल्यावर मात्र चावी फिरवली की नुसती ‘टक’, परत फिरवली की परत टक, आणि मग कधीतरी सातव्या-आठव्या वेळेला एकदम उचलायची. मामाने दोनदा सेल्फ उतरवून घेतला, एकदा त्यातले कार्बन (मोटरला करंट पोचवणारे ब्रश) बदलले, एकदा सोलेनाइड (चावी फिरवली की सेल्फला करंट जोडणारा स्विच) नवीन टाकला, बॅटरीही नवीन. दर वेळी पंधरा-वीस दिवस बरे जायचे आणि पुन्हा तेच. शेवटी मामाने गाडी उताराला लावायची सवय करून घेतली, दुसऱ्या गिअरला क्लच सोडला की चालू.

चार वाजता निघालो. नांदगावला हायवे धरला, राजापूरला चहा प्यायलो तो इंजिन चालू ठेवूनच. जुन्या डिझेल गाडीचं एक बरं असतं, इंजिनाला डिझेल देणारा पंप मेकॅनिकल, एकदा चालू झालं की बॅटरीची गरज नाही, बंद करायला स्टॉपची केबल ओढावी लागते. मामा मला दोनदा बोलला, “बंद करू नको हां, परत चालू होवची नाय.” पण हातखंब्याच्या अलीकडे डिझेल भरायचं होतं आणि तिथे बंद करावीच लागली. पेट्रोल पंप एकदम सपाटीवर, मागे दोन टन माल.

डिझेल भरून चावी मारली. टक.

पंपावरच्या पोरांनी धक्का देऊन गाडी बाजूला, दिव्याखाली घेतली. मामा टॉमी, म्हणजे लोखंडी दांडा, घेऊन खाली उतरला, सेल्फवर ठोकायला. कार्बन झिजलेले असतील तर ठोकल्यावर कधीकधी उचलतो, पण इथे कार्बन दोन महिन्यांपूर्वीचे होते. मी म्हटलं मामा थांब, हेडलाइट लाव आणि चावी मार. हेडलाइट जराही मंद झाले नाहीत. बॅटरी बसली असती तर लाइट पिवळे पडले असते, म्हणजे बॅटरीत करंट आहे, तो सेल्फपर्यंत नीट फिरत नाहीये. तेवढ्यात मामा बोलला, “ही केबल कित्याक तापली रे?” हात लावून बघितला तर स्टॉपची केबल खरंच गरम. जिच्यात करंटचा काही संबंध नाही ती केबल तापलीय म्हटल्यावर माझा संशय अर्थिंगवर, म्हणजे करंट बॅटरीच्या मायनसला परत नेणाऱ्या जोडणीवर गेला.

माझ्या बॅगेत साधा तीनशे रुपयांचा डिजिटल मीटर असतो. गाडी न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला, मीटर डीसी 20 व्होल्टवर. एक प्रोब बॅटरीच्या मायनसवर, दुसरा इंजिनच्या उघड्या लोखंडावर, रंगावर नाही, आणि मामाला सांगितलं चावी धरून ठेव. 4.8 व्होल्ट! इथे अर्ध्या व्होल्टच्या आत यायला पाहिजे. मग तोच दुसरा प्रोब चॅसिसवर, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्यावर लावला तर 0.2. म्हणजे बॅटरी ते चॅसिस ठीक आणि चॅसिस ते इंजिन बोंब. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, त्याला चॅसिसशी जोडणारी एकच विणलेली तांब्याची पट्टी असते, ती गेलेली. सेल्फ दोनशे-तीनशे अँपिअर ओढतो, 200 अँपिअरला नुसता 0.02 ओहम अडथळा आला तरी 4 व्होल्ट वाटेतच गळतात. आणि लाइटची अर्थिंग चॅसिसला, त्यामुळे लाइट झकास. सेल्फचा करंट बिचारा मिळेल त्या वाटेने, म्हणजे स्टॉपच्या केबलच्या तारेतून परत येत होता.

जंपर केबल होती, तिचं एक टोक मायनसला आणि दुसरं इंजिनच्या बोल्टला लावलं, चावी मारली आणि सेल्फ असा फिरला की पंपावरची पोरं टाळ्या वाजवायला लागली. मला खरंच इतका आनंद झाला, सांगता येत नाही.

मग बॅटरीची मायनस आधी काढून, खाली झोपून मोबाइलच्या उजेडात ती पट्टी बघितली. वरून चांगली दिसत होती. बोल्ट सोडवला तर वॉशरखाली तपकिरी भुकटी, तांबं हिरवं पडलेलं आणि टोकाशी निम्म्याहून जास्त तारा तुटलेल्या, बोटाने दाबल्या तर चुरा. खारी हवा, दुसरं काय. आणि तेव्हा कळलं की सेल्फ उतरवल्यावर पंधरा दिवस का चालायचा, पट्टीचं एक टोक सेल्फच्या शेजारच्याच बोल्टला होतं, काढताना-घालताना गंज खरवडला जायचा आणि तेवढ्यापुरतं सगळं जुळायचं. मामाचे साताठ हजार तिथे गेले.

पॉलिश पेपरने दोन्ही जागा चकचकीत केल्या, पट्टी होती तशी परत आवळली, भरवशासाठी जंपर केबल पण दोरीने नीट बांधून ठेवली. संगमेश्वर, चिपळूण, पुढे महाड, पेण, कुठे काही नाही. पहाटे वाशीला पोचलो, पेट्या वेळेत उतरल्या. येताना चिपळूणला नवीन पट्टी घेतली, जाड बघून, आणि बसवल्यावर दोन्ही टोकांना पेट्रोलियम जेली फासली. मीटर परत लावला, 0.18.

घरी आल्यावर मामाने सवयीने गाडी उताराकडे वळवली, मग थांबला, रिव्हर्स घेतली आणि फणसाखाली सपाटीवर लावली.