दूरच्या बोर्डावरचा नेमका टास्क जीडीबीला दाखवताना

कॉर्टेक्स-एम३ प्रोसेसरच्या एका बोर्डावर फ्रीआरटॉस (अनेक टास्क, म्हणजे कामे, आलटून पालटून चालवणारी छोटी कार्यप्रणाली) चालत होते आणि सीरियल पोर्टवरून जीडीबी या डीबगरला (प्रोग्रॅममधल्या चुका शोधण्याच्या साधनाला) उत्तरे देणारा छोटा स्टब, म्हणजे बोर्डावरचा मदतनीस कोड, मी स्वतः लिहिला होता. ब्रेकपॉइंट लावणे (ठरावीक ओळीवर प्रोग्रॅम थांबवणे) आणि मेमरी वाचणे जमले होते. परंतु जीडीबीच्या लेखी संपूर्ण फर्मवेअर (बोर्डावरचा प्रोग्रॅम) हा एकच थ्रेड, म्हणजे सूचनांचा एकच प्रवाह, होता, त्यामुळे सेमाफोरची (टास्कना थांबवणाऱ्या-सोडणाऱ्या खुणेची) वाट पाहणारा टास्क कुठल्या ओळीवर अडकला आहे हे कळत नसे.

प्रत्येक टास्क वेगळा थ्रेड म्हणून दाखवायचा, तर जीडीबीला आधी त्यांची यादी द्यावी लागते. ती देणे सोपे होते. जीडीबी ‘क्यूएफथ्रेडइन्फो’ हे पॅकेट पाठवतो, आपण ओळखक्रमांक द्यायचे, आणि यादी संपल्याचे ‘एल’ हे अक्षर मिळेपर्यंत तो पुढचे मागत राहतो. मात्र ० म्हणजे ‘कोणताही थ्रेड’ आणि -१ म्हणजे ‘सर्व थ्रेड’ असे ठरलेले असल्याने टास्क शून्यापासून मोजता येत नाहीत. मी टास्कच्या कंट्रोल ब्लॉकचा (फ्रीआरटॉस टास्कची माहिती ठेवते त्या जागेचा) मेमरीतील पत्ताच क्रमांक म्हणून दिला. ‘इन्फो थ्रेड्स’ या आज्ञेच्या उत्तरात डावीकडे दिसणारे १, २, ३ हे जीडीबीचे स्वतःचे आकडे असतात, स्टबला ते कधीच कळत नाहीत.

खरे काम ‘एचजी’ पॅकेटपासून सुरू झाले. ‘थ्रेड ३’ अशी आज्ञा दिली की जीडीबी त्या टास्कच्या क्रमांकासह ‘एचजी’ पाठवतो आणि त्यानंतर ‘जी’ पाठवून रजिस्टरे (प्रोसेसरच्या आतल्या छोट्या साठवण-जागांतील मूल्ये) मागतो. टास्क चालू नसेल तर ही रजिस्टरे प्रोसेसरमध्ये नसतात, त्याच्या स्टॅकवर (टास्कसाठी राखलेल्या मेमरीच्या पट्ट्यावर) असतात: आर४ ते आर११ फ्रीआरटॉसने ठेवलेली, आणि त्यांच्यावर हार्डवेअरने ठेवलेले आठ शब्द (प्रत्येकी चार बाइट). म्हणून जतन केलेल्या स्टॅक पॉइंटरमध्ये ६४ बाइट मिळवून मूळ एसपी (स्टॅक पॉइंटर) काढावा लागतो, आणि साठवलेल्या एक्सपीएसआर या स्थिती-रजिस्टरचा बिट क्रमांक ९ हा १ असेल तर आणखी ४. हे चार बाइट विसरले, तर बॅकट्रेस (कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावले याची साखळी) पहिल्या फ्रेमनंतर, म्हणजे पहिल्या कडीनंतर, भरकटतो.

‘सेट डीबग रिमोट १’ देऊन पॅकेटे पाहताना एक गोष्ट ध्यानात आली, आणि माझ्या मते ती या साऱ्यातील सर्वांत नाजूक आहे. जीडीबी दर वेळी ‘एचजी’ पाठवत नाही. शेवटचा निवडलेला थ्रेड तो लक्षात ठेवतो. शिवाय थांबल्याची सूचना देताना स्टबने एखाद्या थ्रेडचा क्रमांक सांगितला, तर आता निवडलेला थ्रेड तोच असे तो गृहीत धरतो. म्हणजे स्टबनेही त्याच क्षणी आपली निवड बदलायला हवी, अन्यथा जीडीबी एका टास्कचे नाव दाखवतो आणि रजिस्टरे मात्र दुसऱ्याची. जीडीबीसोबत येणारा तयार स्टब, जीडीबीसर्व्हरही थांबताना हेच करतो, म्हणून मी त्याचीच रीत उचलली.

चालवण्यासाठीची निवड निराळी असते. पूर्वी ती ‘एचसी’ पॅकेटने होई, आता स्टबने आपल्याला ‘व्हीकॉन्ट’ पॅकेट समजते असे कळवले की कोणता थ्रेड एक पाऊल टाकेल (एकच सूचना चालवेल) आणि कोणते मोकळे धावतील हे त्याच एका पॅकेटमध्ये येते. ब्रेकपॉइंट ओलांडताना जीडीबी एकाच थ्रेडचे पाऊल मागतो आणि इतरांनी थांबून राहावे अशी त्याची अपेक्षा असते. एकाच कोअरवर हे साधण्यासाठी मी त्या एका सूचनेपुरते बेसप्राय या रजिस्टरने कमी प्राधान्याचे व्यत्यय (इंटरप्ट) रोखून धरतो, म्हणजे टास्क बदलणारा पेंडएसव्ही आणि घड्याळाचा सिसटिक हे व्यत्यय मध्ये शिरत नाहीत. त्यासाठी डीबग मॉनिटरचे (पाऊल पूर्ण झाल्यावर स्टबकडे ताबा देणाऱ्या व्यत्ययाचे) प्राधान्य त्यांच्याहून वरचे असावे लागते. पाऊल मागितलेला टास्क त्या क्षणी प्रोसेसरवर नसेल, तर माझा स्टब सरळ त्रुटी कळवतो.